कैलासाची अर्धी प्रदक्षिणा



या व्याख्यानमालेत आजवर अनेक विद्वानांची भाषणे झाली आहेत. मी विद्वान नाही. तीस वर्षे इथल्याच एका शाळेत संस्कृत आणि मराठी शिकवले, एवढीच माझी पुंजी. कार्यवाहांनी ‘कैलास-मानसरोवरावर बोला’ असा आग्रह धरला, तेव्हा मी त्यांना एक अडचण सांगितली. माझी कैलासाची प्रदक्षिणा पूर्ण झालेली नाही. ज्यांची पूर्ण झाली त्या, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, समोर तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. खरे तर त्यांनी इथे उभे राहायला हवे होते. त्या म्हणाल्या, “मला सांगण्यासारखं काही नाही. मी चालले आणि आले. तुमचंच काहीतरी राहिलंय, तुम्ही बोला.” म्हणून आज मी उभा आहे.

आपल्या इंदूरकरांना यात्रा नवी नाही. ज्या गावाने अहिल्याबाई पाहिल्या, त्या गावाला यात्रेकरूचे मोल कोणी शिकवायला नको. देशभरच्या तीर्थांवर त्यांनी घाट बांधले, विहिरी खणल्या, धर्मशाळा उभारल्या. परमुलखातल्या अनोळखी माणसाला रात्री टेकायला जागा आणि सकाळी पाणी मिळावे, ही त्यामागची दृष्टी. यात्रा एकट्याच्या बळावर होत नाही, हे त्यांना नेमके ठाऊक होते. माझ्या भाषणाचा विषयही शेवटी तोच आहे.

कैलास हा शब्द आपल्या घरांत दोन वाटांनी येतो. एक वाट वेरूळची. शाळेच्या सहलीत किंवा औरंगाबादच्या नातेवाइकांकडे गेल्यावर सोळाव्या क्रमांकाचे लेणे आपण पाहतो. राष्ट्रकूटांच्या काळात, आठव्या शतकात, अखंड खडक वरून खाली कोरत आणलेले ते मंदिर. तिथे दक्षिणेच्या अंगाला रावण खाली बसून कैलास गदागदा हलवतो आहे, आणि वर शंकर शांत बसले आहेत, असे शिल्प आहे. लहानपणी मला त्यातला रावणच आवडायचा.

दुसरी वाट कालिदासाची. मेघदूतातला यक्ष रामगिरीवर शिक्षा भोगतो आहे. तो रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, असे महामहोपाध्याय मिराशींनी प्रतिपादन केले. तिथून तो ढगाला थेट कैलासाच्या कुशीतल्या अलकेपर्यंतची वाट सांगतो. कुठे विसावा घे, कुठल्या नदीचे पाणी पी, हे सगळे. एवढेच नव्हे, तर वाट वाकडी करून उज्जयिनीला जाऊन ये, असेही बजावतो. आपण माळव्यातली माणसे त्या ओळींवर फार खूश असतो. मी तीस वर्षे वर्गात त्या शिकवल्या. पण एक गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानात आली नाही. वाट सांगणारा यक्ष स्वतः जाऊ शकत नाही. त्याकडे शेवटी येईन.

आता प्रत्यक्ष कैलासाविषयी. पर्वत तिबेटात आहे. उंची 6,638 मीटर. हिमालयात त्याहून उंच शिखरे कितीतरी आहेत, पण हा एकटा उभा आहे, म्हणून डोळ्यांत भरतो. पायथ्याच्या मुलखात दोन तळी आहेत, मानसरोवर आणि राक्षसताल. सिंधू, सतलज, ब्रह्मपुत्रा आणि कर्णाली या चार मोठ्या नद्या याच परिसरात उगम पावतात. आपण त्याला शंकराचे घर मानतो. जैन बांधव त्याला अष्टापद म्हणतात, ऋषभदेवांच्या निर्वाणाची भूमी. तिबेटी बौद्ध त्याला ‘कांग रिनपोछे’, म्हणजे बर्फाचे अनमोल रत्न, म्हणतात. आणि बौद्ध धर्म तिथे पोचण्यापूर्वीपासूनची परंपरा सांगणाऱ्या बोन पंथालाही तो तितकाच पवित्र आहे. चार धर्मांचा हा डोंगर, आणि चौघांचाही संकेत एकच : त्यावर चढायचे नाही. भोवती फिरायचे. ही प्रदक्षिणा सुमारे 52 किलोमीटरची आहे.

1954 च्या भारत-चीन करारात यात्रेकरूंच्या जाण्यायेण्याची तरतूद होती. 1962 च्या युद्धानंतर वाट बंद झाली ती 1981 पर्यंत. त्या वर्षी परराष्ट्र मंत्रालयाच्या देखरेखीखाली लिपुलेख खिंडीतून यात्रा पुन्हा सुरू झाली. 2015 मध्ये सिक्कीममधल्या नाथु ला खिंडीची दुसरी वाट उघडली. 2020 पासून पाच वर्षे पुन्हा सगळे ठप्प होते, आणि 2025 च्या उन्हाळ्यात यात्रा परत चालू झाली. म्हणूनच या विषयाची पुन्हा चौकशी होऊ लागली आहे. गेल्या काही महिन्यांत निदान सात-आठ जणांनी मला विचारले : “सर, फॉर्म भरू का?”

आम्ही गेलो 2014 च्या जुलैत. तेव्हा मी सत्तावन्न वर्षांचा होतो. इच्छा सगळी माझी. सौभाग्यवतींचे म्हणणे एवढेच, की “तुम्ही एकटे गेलात तर कुठे तरी पडाल, म्हणून मी येते.” अर्ज भरला, सोडतीत दोघांचेही नाव लागले. दिल्लीत वैद्यकीय तपासणी झाली. तिथे बरेच कागद भरून द्यावे लागतात. त्यात एक असा असतो, की तिबेटात माझा मृत्यू झाल्यास अंत्यसंस्कार तिकडेच करण्यास माझी संमती आहे. मी त्यावर झटकन सही केली आणि मनात म्हटले, कैलासाच्या पायथ्याशी मरण आले तर भाग्यच. सौभाग्यवतींनी तो कागद दोनदा वाचला, मग सही केली. आमच्या दोघांतला फरक तिथेच दिसला होता, मला मात्र दिसला नाही.

आमच्या जत्थ्यात पन्नासच्या वर माणसे होती. गुजराती, कन्नड, बंगाली, दिल्लीकर, मराठी आम्ही चौघे. सरकारने नेमलेला एक संपर्क अधिकारी जत्थ्याचा प्रमुख असतो. पलीकडे तिबेटात स्वयंपाकाची सोय आपली आपणच करायची असते, म्हणून वर्गणी गोळा होते, डाळ-तांदूळ बांधले जातात, समित्या नेमल्या जातात. सामानाची समिती, भोजनाची समिती, हिशेबाची समिती. आपल्या वारीतल्या दिंडीचाच हा प्रकार. फरक इतकाच, की दिंडीत वीणेकरी असतो आणि इथे शिट्टी.

काठगोदाम, अल्मोडा, धारचुला हा प्रवास बसने. त्या काळी नारायण आश्रमापासून पायी चालावे लागे. सिरखा, गाला, बुधी, गुंजी, नाभीढांग, असे एकेक मुक्काम. धारचुल्यात प्रत्येकाला सामान उचलणारा पोर्टर आणि हवा असेल तर घोडेवाला मिळतो. माझ्या वाट्याला आलेला पोर्टर एकोणीस-वीस वर्षांचा कुमाऊनी मुलगा होता. तो कॉलेजात शिकत होता आणि सुट्टीत हे काम करत होता. पहिल्या दिवशी त्याने मला एकच गोष्ट सांगितली : “बाबूजी, पहाड़ की तरफ़ चलिए।” पायवाट अरुंद. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खोल खाली काली नदी, तिच्या पलीकडे नेपाळ. समोरून खेचरे आली की माणूस सहज सरकतो तो मोकळ्या बाजूला, म्हणजे दरीकडे. खेचराच्या पाठीवरच्या ओझ्याचा धक्का लागला की संपले. म्हणून थांबायचे ते नेहमी डोंगराला पाठ लावून. मला ते कळत होते, पण फोटो काढायचा असला की मी दरीच्या कडेला जायचो. तो काही न बोलता माझ्या आणि दरीच्या मध्ये येऊन उभा राहायचा. दिवसाला दहा-बारा वेळा. एकदा मी वैतागून म्हणालो, “अरे, मला कळतं.” तो हसला आणि तिथेच उभा राहिला.

गालाच्या पुढे चार हजारांवर पायऱ्या उतरून वाट नदीकाठी येते. नंतर बुधीच्या पुढची चढण आणि छियालेखची फुलांची पठारे. गुंजीला भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या डॉक्टरांनी पुन्हा तपासणी केली. आमच्यातल्या दोघांना रक्तदाबामुळे तिथूनच परत पाठवले. त्यातल्या एक बाई रडल्या. मी त्यांचे सांत्वन केले. देवाची इच्छा, पुढच्या वेळी नक्की, वगैरे. काय बोलत होतो ते आता आठवले की लाज वाटते.

कालापानीला कालीमातेचे दर्शन घेतले, नाभीढांगला ढग बाजूला झाले आणि ओम पर्वत दिसला. वाऱ्याच्या आधी लिपुलेख ओलांडता यावी म्हणून मध्यरात्रीनंतर निघालो आणि पहाटे खिंडीत पोचलो. माझा पोर्टर तिथून मागे फिरला. भारतातले पोर्टर पलीकडे जात नाहीत. परतीला तो पुन्हा भेटणार होता, तरीही त्याने वाकून नमस्कार केला आणि सौभाग्यवतींना सांगितले, “आंटी, इनको पहाड़ की तरफ़ रखना।”

तकलाकोटहून पुढे बस. राक्षसतालाच्या काठाने जाताना उजाड माळाच्या टोकाला कैलास पहिल्यांदा दिसला. बसमध्ये आधी गलका झाला, मग एकदम शांतता. मी वर्णन करत बसत नाही. शिकवलेला शब्द आणि पाहिलेली वस्तू यांत केवढे अंतर असते, एवढेच त्या क्षणी जाणवले.

दारचेनपासून प्रदक्षिणा सुरू होते. पहिल्या दिवशी यमद्वारापर्यंत वाहन, तिथून डेरापुकपर्यंत बारा-तेरा किलोमीटर चाल. डेरापुकची उंची पाच हजार मीटरच्या आसपास. तिथून कैलासाचा उत्तरेकडचा कडा समोर उभा ठाकतो, पायथ्यापासून शिखरापर्यंत. दुसऱ्या दिवशी 5,600 मीटरांवरची डोल्मा ला खिंड चढायची, गौरीकुंड वरून पाहायचे आणि उतरून झुटुलपुकला मुक्काम. हाच दिवस कसोटीचा. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही निम्माच.

डेरापुकला रात्री माझे डोके फुटायला आले. दोनदा उलटी झाली. मी सौभाग्यवतींना म्हणालो, कोणाला सांगू नकोस. त्यांनी माझे ऐकले नाही. पहाटे जत्थ्यातले एक डॉक्टर आले, बंगाली गृहस्थ. त्यांनी नाडी पाहिली आणि मला बाहेर नेऊन सांगितले, एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना लावत सरळ रेषेत चाला. लहान मुलाचा खेळ. मी तीन पावले टाकली आणि चौथ्याला एका बाजूला गेलो. पुन्हा केले, पुन्हा तेच. डॉक्टरांनी संपर्क अधिकाऱ्याकडे पाहिले. विरळ हवेने मेंदूला सूज येऊ लागली की तोल असा जातो, आणि त्यावरचा खरा उपाय एकच, ताबडतोब खाली उतरणे.

अधिकारी म्हणाला, “सर, आप यहीं से वापस।”

श्रोतेहो, मी हात जोडले. मग मी रागावलो. मी म्हणालो, यात्रा माझी आहे, जीव माझा आहे, मी सही करून दिली आहे. तो माणूस माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. त्याने आवाज चढवला नाही. म्हणाला, “जान आपकी है, सर। पर ऊपर आप गिरेंगे, तो उठाने वाला भी कोई होगा। उसकी जान मेरी ज़िम्मेदारी है।”

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही. खिंडीत मी पडलो असतो तर मला उचलायला चार-पाच माणसे थांबली असती, त्याच विरळ हवेत, त्याच थंडीत. कैलासाच्या पायथ्याशी मरणे हे माझ्या दृष्टीने भाग्य असेल, पण ते भाग्य वाहून आणायचे काम दुसऱ्याचे होते. वेरूळच्या शिल्पातला रावण मला तेव्हा आठवला नाही, नंतर आठवला. भक्ती त्याचीही होती. पण डोंगर हलवताना वर कोण बसले आहे याचा विचार त्याने केला नाही.

मी सौभाग्यवतींकडे पाहिले. मला वाटले, त्या म्हणतील, मीही परत येते. त्या म्हणाल्या, “तुम्ही खाली जा. मी जाऊन येते.” आणि काठी घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. खोटे कशाला बोलू, मला ते लागले. पुढे कितीतरी दिवसांनी मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “मी परत आले असते, तर माझ्या राहिल्याचंही ओझं तुम्ही जन्मभर वागवलं असतं. एकाचं पुरे होतं.”

घोड्यावर बसून मी उलटा निघालो. घोडा एका तिबेटी मुलाचा. त्याला हिंदी येत नव्हते, मला तिबेटी. आमच्यात ‘ताशी देलेक’ एवढाच शब्द सामाईक. आणि इथे मला एक गोष्ट दिसली, जी प्रदक्षिणा पूर्ण करणाऱ्यांना दिसत नाही. प्रदक्षिणेत सगळे एकाच दिशेने चालतात, त्यामुळे माणसाला दिवसभर पुढच्यांच्या पाठी दिसतात. मी उलटा येत होतो, म्हणून मला चेहरे दिसले. काठी टेकत येणारी म्हातारी, तिच्या हातात फिरणारे प्रार्थनाचक्र. पाठीवर मूल बांधलेली बाई. बरेच तिबेटी ही सबंध प्रदक्षिणा एका दिवसात पुरी करतात, ते झपझप जात होते. एक तरुण लोटांगण घालत येत होता. उठायचे, हात जोडायचे, पुन्हा अंग जमिनीवर टाकायचे. हातांना लाकडी फळ्या, गुडघ्यांना जाड कातडे, कपाळावर धूळ. त्याला ते 52 किलोमीटर पुरे करायला कित्येक दिवस लागणार होते. तो माझ्याकडे पाहून हसला. मला हसता आले नाही.

थोड्या वेळाने पाठीमागून तिघे-चौघे आले, माझ्याच दिशेने चालणारे. मला वाटले, हेही परत पाठवलेले. पण ते आनंदात होते. नंतर दारचेनला कळले, ते बोन पंथाचे. त्यांची प्रदक्षिणा डावीकडूनच असते. म्हणजे माझी माघार होती, तीच त्यांची वाट होती. काही अंतर मी त्यांच्याबरोबर चाललो.

एका वळणावर मुलाने घोडा थांबवला आणि मला उतरायची खूण केली. मला वाटले, घोड्याला पाणी पाजायचे असेल. त्याने माझे खांदे धरून मला मागे वळवले. कैलास दिसत होता. पुढे वाट डोंगराआड जाणार होती, आणि हे त्याला ठाऊक होते. तो स्वतः जमिनीवर आडवा झाला, तीनदा. मग माझ्याकडे पाहत उभा राहिला. मी गुडघे टेकले. डोके अजून ठणकत होते. मी काही मागितले नाही, मंत्रही म्हटला नाही. तो मुलगा घोड्याचा लगाम धरून शांत उभा होता. त्याला घाई नव्हती.

वाटाड्या हा आपल्या भाषेतला फार जुना शब्द. पुढे चालून वाट दाखवतो तो वाटाड्या, असे आपण समजतो. माझे तीन वाटाडे : एक दरीच्या बाजूला उभा राहणारा, एक ‘परत जा’ म्हणणारा, आणि एक मागे वळून पाहायला लावणारा. त्यांतल्या कोणीही मला पुढे नेले नाही.

तिसऱ्या दिवशी जत्था दारचेनला परतला. सौभाग्यवतींचे ओठ फुटले होते, नाक सोललेले. त्यांनी डोल्माविषयी एक अक्षर सांगितले नाही. आधी विचारले, “जेवलात का?” मग आम्ही मानसरोवराकाठी दोन रात्री काढल्या. ते पाणी घेऊन घरी आलो.

घरी आल्यावर प्रश्न पडला मावंद्याचा. काशीहून आले की गंगापूजन आणि मावंदे, ही आपल्या घरांची रीत. नातेवाईक विचारू लागले, कधी करताय? मी टाळत होतो. अर्ध्या यात्रेचे मावंदे कसले? एका जाणत्या आप्तांनी तोड काढली. म्हणाले, शंकराला सोमसूत्री प्रदक्षिणाच घालतात. पन्हळ ओलांडायची नसते, तिथून परत फिरायचे असते. तुमची प्रदक्षिणा शास्त्रोक्तच झाली. मला ते इतके आवडले, की वर्षभर मी सगळ्यांना तेच सांगत होतो. लोक माना डोलवायचे. मग एक दिवस मलाच कंटाळा आला. मी शास्त्र पाळून परतलो नव्हतो. मला परतवले होते, आणि मी भांडलो होतो. अर्धी ती अर्धीच. तिला शास्त्राची झूल घालायचे कारण नाही.

मावंदे झाले ते आमच्या आत्याबाईंमुळे. त्या तेव्हा नव्वदीला टेकलेल्या. त्या म्हणाल्या, “अरे, आमच्या आजीच्या वेळी काशीला निघालेली माणसं घरच्यांचा निरोप घेऊन जायची, परत येतीलच असं नाही म्हणून. मावंदं काय देव भेटला म्हणून करतात? माणूस घरी आला म्हणून करतात. पानं मांडा.” आणि पाने मांडली गेली.

आता, फॉर्म भरू का, या प्रश्नाचे उत्तर. अवश्य भरा. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, आता गाडीरस्ता लिपुलेखच्या दिशेने थेट वरपर्यंत गेला आहे. 2020 मध्ये त्याचे उद्घाटन झाले. पूर्वी आठवडाभर चालून शरीर हळूहळू उंचीला सरावायचे. चालणे वाचले, तसे सरावाचे दिवसही कमी झाले. म्हणून मधल्या मुक्कामांना कंटाळू नका, पाणी भरपूर प्या आणि डोके दुखले तर लपवू नका. दुसरी, आणि ही अधिक अवघड. वाटाड्याच्या हाती स्वतःला सोपवायचे म्हणजे ‘चला’ हा त्याचा शब्द ऐकायचा, एवढेच नाही. ‘थांबा’ हाही त्याचाच शब्द असतो. घरून निघतानाच ठरवून निघा, की तो उच्चारला गेला तर मी भांडणार नाही. मी हे ठरवून गेलो नव्हतो. डेरापुकला मला कशाचा पश्चात्ताप होत असेल तर तो परतल्याचा नाही, त्या सकाळच्या माझ्या भाषेचा आहे.

यात्रेची वयोमर्यादा सत्तर आहे. मी एकोणसत्तर पूर्ण केली. या वर्षी मी फॉर्म भरलेला नाही, आणि पुढे फार काळ तो भरता येणार नाही. मेघदूतातला यक्ष मला आता वेगळा वाटतो. त्याला वाटेतली प्रत्येक नदी ठाऊक आहे, प्रत्येक विसावा ठाऊक आहे, आणि तो रामगिरीवरच आहे. म्हणून तर तो इतक्या बारकाईने वाट सांगतो. आपल्यापैकी जे कोणी जाणार असतील, त्यांनी घरी यावे. वाट सांगेन. सौभाग्यवती चहा करतील, आणि डोल्माचे मात्र तुम्हीच त्यांना विचारा. मला त्यांनी अजून सांगितलेले नाही.